पहिल्या फेरीचा मान

१९९८ साली आखातात, अल-ऐनच्या रस्त्याला वाळवंटात एक पार्क उभं राहत होतं, आणि त्यातला लाकडी रोलर कोस्टर याकूबने बांधला होता. म्हणजे कंत्राट भानुदासशेटचं, नकाशा गोऱ्या इंजिनियरचा. पण सात महिने उन्हात फळी न् फळी बसवली ती रत्नागिरीच्या याकूब मिस्त्रीने आणि त्याच्या अकरा सुतारांनी. गावी त्याने होड्या बांधल्या होत्या. लाकूड कुठे दुखतंय ते त्याला कानांनी कळायचं.

गुरुवारी भानुदासशेट स्वतः लेबर कॅम्पवर आले. "यल्ला, चला, याकूब! उद्या ट्रायल आहे. तुम्ही बांधलंत, पहिल्या फेरीचा मान तुमचा."

याकूबला भरून आलं. नऊ वर्षांत या देशात त्याला कुणी कसला मान दिला नव्हता, आणि आज देणारा आपला मराठी माणूस होता. त्याने पेटीतून ईदचा शर्ट काढला. मेहुणा जमाल मात्र कचरत होता. "दुल्हाभाई, मला नको. पोटात गोळा येतो."

"मान चालून आलाय आणि तू तोंड फिरवतोस?" याकूबने त्याला झापलं आणि सकाळी दंडाला धरूनच नेलं.

बसण्याआधी एकेकाला वजनकाट्यावर उभं केलं. जमाल फारच हलका निघाला, तेव्हा त्याच्या मांडीवर सिमेंटची अर्धी गोणी ठेवली. सगळे खो खो हसले. पट्टा नीट बसावा म्हणून असेल, असं याकूबने ठरवून टाकलं.

गाडी खडखडत वर चढली आणि धाडकन खाली आली. चाळिशीचा याकूब पोरासारखा ओरडला. जमालने गोणी कवटाळून डोळे मिटले होते. दुसऱ्या वळणावर मात्र खालून एक ठोका आला आणि याकूबचं ओरडणं थांबलं.

उतरल्या उतरल्या तो हे सांगायला शेटकडे निघाला. कठड्यापाशी शेटची मुलगी पर्णिका बापाचा हात ओढत होती. "पपा, इट्स माय टर्न नाऊ! प्लीज!"

"आज नाही, बाळा. सर्टिफिकेट कुठे आलंय अजून? टेस्टला वाळूच्या गोण्या लागतात, त्या आल्या नाहीत, म्हणून यांना बसवलं. ओके झालं की तू."

याकूब जागच्या जागी थांबला. रागाने कान तापले, पण रागापेक्षा लाज जास्त वाटली. जमालला तोच ओढून घेऊन आला होता. गप्प बसावं, असं एकदा मनात आलंही. कळू दे शेटला. पण समोर नऊ-दहा वर्षांची पोर उभी होती, आणि तिने काय केलं होतं?

"शेट, पोरीला बसवू नका. दुसऱ्या वळणावर खालचा जोड सुटलाय."

भानुदासशेटचा चेहरा पडला. त्यांनी मुलीला पोटाशी धरलं, घाम पुसला आणि याकूबच्या खांद्यावर अगदी मनापासून हात ठेवला.

"बरं झालं बाबा, आधी तुम्हांला बसवलं ते."