मुलीच्या नावाचा नेचा

संग्रहालयात जीवाश्म वनस्पतींचं काम बघणाऱ्या बाईंनी खाणीतून आलेला दगड छिन्नीने उकलला. आत नेच्याचं अख्खं पान होतं. खालच्या पर्णिका रुंद, वरच्या अरुंद आणि त्यांच्यावर बीजाणूंचे ठिपके. दोन्ही एकाच देठावर!

रुंद पर्णिकांच्या नेच्याला नाव पडून शंभर वर्षं झाली होती. अरुंद पर्णिकांची वेगळी जात बाईंच्या सरांनी शोधली होती आणि तिला आपल्या मुलीचं नाव दिलं होतं. मुलगी नवव्या वर्षी तापाने गेली होती. आता दोन्ही जाती एकच ठरत होत्या, आणि नियमाने जुनंच नाव राहणार होतं.

आठवडाभर बाईंनी चालढकल केली. शेवटी दगड कापडात गुंडाळून सरांच्या घरी गेल्या.

सरांनी भिंगातून देठ न्याहाळला. "जोड खरा आहे. दोन पानं एकमेकांवर पडलेली नाहीत."

"सर, मी नाही छापत. कोणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय ना?" सर कडाडले. मग आवाज खाली आला. "लिही. मी तेव्हा घाई केली. तिला जाऊन दोनच महिने झाले होते. काहीतरी नवं सापडायलाच हवं होतं गं मला."

एवढ्यात सरांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन आल्या. "आमच्या चिमणीचाच नेचा ना हा?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरच म्हणाले, "हो, तोच."

काकूंनी पानावरून हलकेच बोट फिरवलं. "केवढा मोठा आहे हो!"

सर उठून खिडकीपाशी गेले.

लेख हिवाळ्यात छापून आला. जुन्या नावाखाली, बारीक अक्षरांत, रद्द ठरलेलं मुलीचं नाव. वर्षभराने सर गेले. त्यांचं कपाट आवरताना काकूंना तो अंक सापडला, आणि त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"हे काय लिहिलंय, नीट सांग."

बाईंनी सगळं सांगितलं. काकूंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"म्हणजे वर्षभर हे एकट्यानेच सोसलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं असतं, तर दोघं मिळून रडलो तरी असतो."

बाई त्यांचा हात धरून बसून राहिल्या.