शेवटच्या पानावरचा शेरा

सोमशेखरला पुस्तकं आवडायची की नाही, देव जाणे. पुस्तकांना नावं ठेवायला मात्र मनापासून आवडायचं. शिरोलीच्या एका फौंड्रीत त्यानं तीस वर्षं माल तपासला होता. हातोडीनं टक्क करून वाजवायचं, आवाज बसका आला की भंगारात. रिटायर झाल्यावर हा बाबा मंगळवार पेठेतल्या एका वाचनालयात येऊन बसला आणि पुस्तकंही तशीच वाजवायला लागला. पंधरा-सोळा पानं वाचली, की शेवटच्या कोऱ्या पानावर शेरा तयार.

एका कादंबरीवर त्यानं लिहिलं, ‘बाई पहिल्या पानापासून रडते. जेवते कधी?’ इतिहासाच्या एका जाडजूड ग्रंथावर लिहिलं, ‘पानोपानी तलवारी. घोड्यांना वैरण कोण घालत होतं, तुझा बाप?’ ग्रंथपाल विद्याश्री बिचारी खोडरबरानं शेरे पुसून पुसून दमली, तर हा गडी पेन्सिल सोडून बॉलपेनवर आला. लोकही असले नग, की आधी शेवटचं पान बघणार आणि सोमशेखरनं हाणलेलं पुस्तक परत कपाटात ढकलणार. ‘सोमशेखर कुणाची भीड ठेवत न्हाय हां,’ असं कुणी म्हटलं, की ह्याची छाती टम्म फुगायची.

त्यात गणपतरावानं पुस्तक काढलं. गणपतराव म्हणजे त्याचा फौंड्रीतला जोडीदार, वीस वर्षं त्याच्या डब्यात जेवलेला. शाहूवाडीकडच्या आपल्या गावाचा इतिहास त्यानं लिहिला, जयसिंगपूरच्या एका छापखान्यात छापून घेतला आणि पहिली प्रत हौसेनं वाचनालयाला दिली. सोमशेखरनं त्यालाही सोडलं नाही. ‘भाताची खाचरं आणि भाऊबंदकी. हा इतिहास नव्हे, चावडीवरच्या गप्पा. लिहिणाऱ्यानं पुन्हा पेन हातात धरू नये.’ खाली झोकात सही.

एक दिवस गणपतराव वाचनालयात येऊन गेला. २००३ च्या उन्हाळ्यात तो गेला. महिन्याभरानं त्याची बायको बाळाबाई वाचनालयात आली. तिला अक्षरओळख नव्हती. घरातल्या सगळ्या प्रती वाटून संपल्या होत्या, म्हणून ती नवऱ्याचं पुस्तक बघायला आली होती. विद्याश्रीनं ते कपाटातून काढून दिलं. बाळाबाई ते घेऊन थेट सोमशेखरसमोर बसली.

“भावजी, मागं तुमी काय लिवलंय, तेवढं वाचा की.”

सोमशेखरनं शेवटचं पान उघडलं. बॉलपेनची शाई पानात रुतून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्याच अक्षराची शरम वाटली. तो वाचल्यासारखं म्हणाला, “पुस्तक झकास आहे. सगळ्यांनी वाचावं.”

“असं न्हाय ते,” बाळाबाई शांतपणे म्हणाली. “ह्यांनी मला जसंच्या तसं सांगितलंतं. हितं येऊन तेवढं मागलं पान बघितलं, पुस्तक मिटलं आन् घरी आले. म्हटले, सोमशेखर खोटं लिवणार न्हाय, आपलंच चुकलं. दुसरा भाग लिवून झालता. दोन वह्या. सकाळी उठून बंबात घातल्या. मी हात धरला, तर म्हटले, त्यानं सगळं वाचून लिवलंय, सोड.”

“वहिनी…” म्हणत सोमशेखर पुस्तक मिटायला लागला.

“ऱ्हाऊ दे. देवळाचा फोटू हाय म्हणत होते ह्यात. तेवढा बघतो आन् जातो.”

बोटाला थुंकी लावून ती एकेक पान उलटायला लागली. सोळा पानं सुटी होती. पुढं बोट अडलं. तिथून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंतचा सगळा गठ्ठा वरच्या कडेला जोडलेला होता, छापखान्यात कापायचाच राहिलेला. बाळाबाईनं त्या घडीवरून बोट फिरवलं, पुस्तक उजेडाला धरलं आणि सोमशेखरकडं बघितलं.

“भावजी, ही पानं कापल्याबिगर तुमी वाचली कशी?”