डावा त्यांचा, उजवा तिचा

“हे धूड माझ्या दारातून आत येणार नाही,” कमरेवर हात ठेवून आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. “आणि आलंच, तर मी बाहेर जाईन.”

“मग जरा बाहेर ये, म्हणजे आत घेता येईल,” लेक म्हणाली.

लेक तोंडानं आईवर गेली होती आणि हातानं बापावर. मोठ्या दुकानांच्या इमारतीत गेम खेळायचं एक दालन होतं, तिथली मशीनं ती दुरुस्त करायची. मोडीत काढलेलं एक जुनं शूटिंगचं मशीन तिनं मागून आणलं होतं. पुढं काच, काचेखाली लाकडी फळी. फळीच्या डाव्या बाजूला लाल गोळा बसवलेली एक दांडी, उजव्या बाजूला एक जाडजूड बटण. दांडीनं विमान हलवायचं, बटणानं गोळी झाडायची. एवढ्याशा कामासाठी कपाटाएवढा पसारा.

हमालांनी मशीन खिडकीशी ठेवलं. तिथं पूर्वी घड्याळवाल्यांचं टेबल असायचं. घड्याळवाले म्हणजे आक्कांचे यजमान. गावभर त्यांना हेच नाव. केसाहून बारीक चाकं चिमट्यात धरून ते असे बसवायचे की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. गेल्या हिवाळ्यात झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभही गेली. सगळ्या भाषेतून एक ‘नको’ तेवढा हाती लागला. दुरुस्तीला आलेली घड्याळं ज्याची त्याला परत गेली आणि त्या खोलीत टिकटिक म्हणून उरली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डावा हात धडधाकट आहे, त्याला कामाला लावा. एकदा घड्याळवाल्यांनी डाव्या हातानं चमचा उचलला. समोर जुनं गिऱ्हाईक भेटायला आलेलं. सूप सदऱ्यावर सांडलं. गिऱ्हाइकानं सभ्यपणानं भिंतीकडं बघितलं, आणि तेच लागलं त्यांना. त्या दिवसापासून डावा हात शालीखाली गेला तो गेलाच. आक्का भरवायच्या. लेकराला भरवताना आईचा आ वासतो तसा चमच्यागणिक आक्कांचाही वासायचा. पण आताशा घास तोंडाशी नेला तरी मान फिरायची. “नको.” माणूस खुर्चीत बसल्या बसल्या विझत चालला होता. आक्का दिवसभर जगाला शिव्या घालायच्या त्या याचसाठी, की गप्प बसलं तर हे दिसेल.

“बाबा,” लेकीनं खुर्ची मशीनपुढं ढकलली, “या खेळात दांडी डाव्या हातालाच असते. साऱ्या जगाची. इथं उजव्याची मिजास चालत नाही.”

“नको.”

“आणि बटण?” आक्कांनी विचारलं. “त्याला उजवा हात कुठून आणायचा?”

“तुझा आहे की! नुसता ओवाळून टाकायला ठेवलायस का?”

लेकीनं शालीखालून बापाचा हात काढला आणि गोळ्यावर ठेवला. विमान सुरू झालं. घड्याळवाल्यांनी दांडी मुठीत आवळून अशी रेटली की विमान सरळ जाऊन डोंगरावर आपटलं. दुसरं आलं, ते दुसऱ्या बाजूच्या डोंगरावर. आक्का इकडं बटणावर तुटून पडल्या होत्या.

“आई, गोळ्या मोजक्या असतात. अशा उधळू नकोस.”

“मग त्यांना नीट चालवायला सांग! जन्मभर केसाएवढ्या चाकांशी खेळलात, आणि ही दांडी धरलीय जशी बैलाची शेपटी!”

घड्याळवाल्यांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. नाकपुड्या फुललेल्या, भुवई चढलेली. राग आला होता त्यांना. आजारपणात कीव सोसली, औषधं सोसली, पण राग आला नव्हता. आक्का आत जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसून आल्या.

“कांदा चिरत होते,” त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं.

मग रोज सकाळी, अंघोळ उरकली की दोघं मशीनपुढं. लेक कामावर जाता जाता सांगायची, “मूठ सैल ठेवा बाबा. दांडी ढकलायची नसते, नुसती सुचवायची. सोडली की आपोआप मधे येते.” सांगणं सोपं होतं. डावा हात म्हणजे जन्मभर नुसता कागद दाबून धरलेला, अडाणी हात. त्याला सगळं किंवा काहीच नाही एवढंच कळायचं. विमानं फुटत राहिली.

शेजारीण डोकावली. “काय हो आक्का, या वयात गेम?”

“तुमच्या ह्यांना या वयात पाय मोकळे करायला पलीकडच्या बाईंच्या दारासमोरून तीनदा जावं लागतं, त्यापेक्षा बरं,” आक्का म्हणाल्या आणि दार लोटलं.

एका दुपारी आक्का भांडी पुसत होत्या आणि बाहेरच्या खोलीतून टिक टिक ऐकू आली. हातातलं ताट तसंच राहिलं. घरात तर चालतं घड्याळ नव्हतं. त्या दबक्या पावलांनी दाराशी आल्या. मशीन बंद होतं, काच काळी. घड्याळवाले डोळे मिटून बसले होते, मान जराशी कलती, जसे पूर्वी घड्याळ कानाशी धरून बसायचे. डावा हात दांडीवर. दांडी किंचित कलायची. टिक. सुटायची. पुन्हा किंचित. टिक.

दांडीखाली प्रत्येक बाजूला एकेक बारकं बटण असतं, ते दबलं की आवाज होतो. विमान हलतं ते त्या आवाजाला. त्याच्यापुढं रेटलेलं सगळं बळ फुकट. हे लेकीनं सांगितलं नव्हतं. तिच्या बोटांना ते इतकं पाठ होतं की सांगायचं सुचलंच नसेल. पण यांच्या कानाला टिक म्हणजे काय ते कुणी शिकवायला हवं होतं?

त्यांनी डोळे उघडले. मूठ सुटली होती. लाल गोळा आता अंगठा आणि दोन बोटांच्या शेंड्यांत होता, चिमट्यात चाक धरावं तसा. आक्का दिसल्यावर त्यांनी हनुवटीनं कोपराकडं खूण केली. कोपर अधांतरी होतं. कामाला बसताना ते कोपर टेबलावर टेकवल्याशिवाय चिमट्याला हात लावत नसत, हे आक्कांना ठाऊक नसेल तर कुणाला असणार? त्यांनी चादरीची घडी करून कोपराखाली सरकवली. घड्याळवाल्यांनी नकाराची मान हलवली. आणखी एक घडी. आता बरोबर.

आक्कांनी मशीन चालू केलं. विमान डोंगरांमधून निघालं. लचकत, थबकत, केसभर इकडं, केसभर तिकडं. आक्का बटण विसरून बघत राहिल्या. हात दुसरा, पण कसब तेच होतं. ज्याच्याशी लग्नाला आक्का होकार देत नव्हत्या, आणि ज्यानं त्यांच्या बापाचं बंद पडलेलं घड्याळ त्यांच्यासमोर उघडून, एक शब्द न बोलता सुरू करून दाखवलं होतं, तो माणूस डाव्या हातातून परत येत होता. परत येताना नेहमीसारखा गप्प.

रविवारी लेक घरी असताना ते खेळातल्या शेवटच्या गुहेपर्यंत पोचले. ही गुहा मेली बोळासारखी अरुंद. शेवटी लोखंडी दार, उघडायचं आणि मिटायचं. उघडलं की आत क्षणभर एक दिवा दिसायचा. तो फोडायचा. गोळी एकच उरलेली. आक्कांचं बोट बटणावर शिवशिवत होतं.

“आई, घाई करू नकोस.”

“मी? मी कधी केली घाई?”

घड्याळवाल्यांनी विमान भिंतीलगत धरलं. टिक. थोडं वर. दार उघडलं, मिटलं. त्यांनी जाऊ दिलं. पुन्हा उघडलं, मिटलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण कुणाच्या शब्दासाठी आक्का थांबल्यात असं कुणी पाहिलं नव्हतं. आज थांबल्या. घड्याळवाल्यांचे ओठ हलताना त्यांना दिसत होते.

टिक.

“आता,” ते म्हणाले.

आक्कांनी बटण दाबलं. काच उजेडानं भरून गेली. लेक ओरडली, टाळ्या पिटल्या, बापाच्या टकलाचा मुका घेतला. आक्कांना काचेतलं काही दिसलंच नव्हतं. त्या ‘आता’ हा शब्द मनात पुन्हा पुन्हा ऐकत होत्या. ‘नको’नंतर हा पहिला.

“बघतेस काय?” शेवटी त्या लेकीवर खेकसल्या. “जेवायच्या वेळेला खेळ कसले! पानं घे.”

टेबलावर सूप ठेवलं. आक्का नेहमीसारख्या त्यांच्या शेजारी बसल्या, चमचा भरला, फुंकर घातली. घड्याळवाल्यांनी मान फिरवली नाही. त्यांनी चादरीच्या घडीकडं खूण केली. लेकीनं ती आणून कोपराखाली दिली. मग त्यांनी डावा हात पुढं केला आणि आक्कांच्या बोटांतून चमचा अलगद काढून घेतला. भांडण नाही, हिसकाहिसकी नाही. चिमट्यानं चाक उचलावं तसा.

“सांडेल,” आक्का म्हणाल्या.

“सांडू दे,” लेक म्हणाली.

चमचा वाडग्यातून निघाला. अर्ध्या वाटेत डगमगला. ते थांबले. घाई नव्हती त्यांना. केसभर वर, केसभर आत. एक थेंब दाढीवर ओघळला, बाकीचं तोंडात गेलं. त्यांनी गिळलं आणि पुन्हा वाडग्याकडं वळले, कामाला लागलेल्या माणसासारखे, कुणाकडंही न बघता.

आक्कांचा आ सवयीनं वासला होता. तो त्यांनी मिटला. पदरानं दाढीवरचा थेंब पुसायला हात उचलला, आणि तसाच खाली टेबलावर ठेवला. दुसरा चमचा निघाला, डगमगला, सावरला. तो ओठांशी पोचला, तेव्हा टेबलाच्या कडेवर आक्कांच्या उजव्या हाताचं बोट हळूच दबलं.