सातावर सात

जाकीर गेल्यापासून त्याची ती टेस्ट रोज नापास होत होती. तो होता तेव्हाही व्हायची, पण तेव्हा तिच्या बाजूने भांडायला तो होता.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी दोघं घरूनच काम करत. रोहिणी चौसाळ्याहून, जाकीर बीडहून. कंपनी डीबगर बनवायची, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून देणारं सॉफ्टवेअर. त्यात वॉचपॉइंट नावाची एक सोय असते. मेमरीतल्या एखाद्या जागेवर पहारा बसवायचा. तिथे कुणी काही लिहिलं की प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो आणि लिहिणारा सापडतो. हा पहारा नीट चालतो का, हे तपासणाऱ्या टेस्ट जाकीरने लिहिल्या होत्या. सगळ्या पास व्हायच्या, एक सोडून. त्या टेस्टमध्ये पहाऱ्याच्या जागेवर सात हा आकडा असायचा आणि प्रोग्रॅम तिथे पुन्हा सातच लिहायचा. डीबगर आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघायचा, फरक दिसला नाही की न थांबता पुढे जायचा. जाकीरचं म्हणणं होतं, थांबला पाहिजे.

"अरे, पण बदललं काय?" रविराज मीटिंगमध्ये वैतागायचा. तो टीमचा प्रमुख असला तरी जाकीरचा कॉलेजपासूनचा दोस्त.

"लिवलं ना बे कुणीतरी! पहारेकरी कशाला ठिवलाय मग? काय चोरीला गेलं न्हाई म्हणून कोण आत आलतं ते सांगायचं न्हाई?"

"चौसाळ्याच्या मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" रविराज रोहिणीला विचारायचा.

रोहिणी हसून विषय टाळायची. मनातून तिला रविराजचंच पटायचं.

पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि जाकीर गेला. कंपनीत प्रत्येक टेस्टच्या माथ्यावर तिच्या मालकाचं नाव असे. त्याच्या पास होणाऱ्या टेस्ट रविराजने आपल्या नावावर करून घेतल्या. नापास होणारी कोण घेणार? ती तशीच राहिली, जाकीरच्या नावाची शेवटची. आता नवी आवृत्ती बाहेर पडायची होती, आणि मालक नसलेली नापास टेस्ट त्याआधी काढून टाकायची, असा नियम होता.

"संध्याकाळपर्यंत काढ ती," रविराज सकाळी फोनवर म्हणाला. मग जरा थांबून, "आणि बीडला जाऊन त्याचा लॅपटॉप आणशील का? मला न्हाई जमायचं गं त्या घरात जायला."

जाकीरचे वडील, हबीबचाचा, घरापुढच्या दुकानात मोसंब्या पुसून मांडत होते. रोहिणीला बघून त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"ये बेटा. लॅपटॉप वरच हाय, त्याच्या खोलीत. तूच जाऊन घे." आवाज खाली आणून ते म्हणाले, "तो गेला तवापासून त्या खोलीत कुणी पाय टाकला न्हाई. त्याच्या अम्मीला तर सोसतच न्हाई. मी कधीमधी दारातून बघतो. जसंच्या तसं हाय सगळं, सुईसुद्धा हलली न्हाई."

रोहिणी वर गेली. चादर ताणून घातलेली, उशी भिंतीला, मेजावर बंद लॅपटॉप, खिडकीत सुरई आणि तिच्यावर उपडा पेला. ती उन्हातून आली होती. सवयीने तिने सुरईला हात लावला. सुरई गार होती. बाहेरून ओली, गळ्यापर्यंत भरलेली.

तिने मेजावरून बोट फिरवलं. धुळीचा कणही नाही.

"पी ना, आजचंच हाय पानी." दारात जाकीरची अम्मी, गौसियाचाची, उभ्या होत्या. "ते नमाजला गेले की येते मी. चादर झटकते, परत तशीच घालते. कालचं पानी झाडाला, नवं सुरईत. पेला होता तसाच उपडा."

"रोज?"

"रोज. त्यांना सांगू नको गं. ते म्हनतात काहीच हललं न्हाई, तेवढ्यावरच उभे हायत ते."

रोहिणीने पुन्हा खोलीकडे बघितलं. चादर तीच, पाणी तेवढंच, पेला तसाच. दारातून बघणाऱ्याला काय कळणार होतं, की इथे रोज एक हात फिरून जातो?

लॅपटॉप उचलल्यावर मेज ओकंबोकं दिसायला लागलं. गौसियाचाची क्षणभर त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदराने ती जागा पुसली.

परतीच्या एसटीतूनच तिने रविराजला फोन लावला.

"टेस्ट बरोबर आहे रे. आपला डीबगर चुकतोय. ज्याने लिहायला नको त्यानेच लिहिलं आणि आकडा योगायोगाने तोच निघाला, तर आपण त्याला सोडून देतो. उद्या तोच दुसरा आकडा लिहील."



"हेच सांगत होता तो," रविराज म्हणाला. "ठीक आहे. चूक नोंदव, टेस्ट ठेव. पण मालक लागेल, रोहिणी."

"त्याचंच राहू दे ना नाव."

"त्याचं खातं बंद झालंय गं. मशीनच घेत न्हाई."

तरी घरी पोचल्यावर तिने प्रयत्न करून बघितला. जाकीरच्या नावापुढे स्वल्पविराम दिला आणि आपलं नाव जोडलं. मशीनने परत पाठवलं. आत आईने दिवा लावला, चहाला हाक मारली. रोहिणी उठली नाही.

टेस्ट ठेवायची तर नाव जाणार होतं. नाव सोडायचं नाही म्हटलं, तर उद्या टेस्टसकट तेही गेलं असतं. तिने एकेक अक्षर खोडलं आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. पडद्यावर जुनी ओळ लाल झाली, तिच्याखाली नवी हिरवी उमटली. इथला बदल कुणालाही दिसला असता.

तिने जतन केलं, तशी लाल ओळ नाहीशी झाली. मग तिने टेस्ट चालवली. सातावर सात लिहिलं गेलं, डीबगर न थांबता पुढे गेला, आणि जाकीरची टेस्ट, त्याच्या वेळी व्हायची तशीच, नापास झाली.