तोगाशींचा क्लॅप

मी एक जुना क्लॅप आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने जरा जळका आहे. सिनेमाच्या चित्रीकरणात प्रत्येक शॉटआधी ज्या काळ्या पाटीवर खडूने नंबर लिहितात आणि वरची फळी टक्कन आपटतात, ती पाटी म्हणजे मी.

जपानमधल्या एका सुताराने मला इसामु तोगाशी या तरुण दिग्दर्शकासाठी बनवलं. त्याच आठवड्यात त्यांनी एक कॅमेरा विकत घेतला आणि माझं दुःख सुरू झालं. माझ्यावरचा नंबर ते नेहमी स्वतः लिहीत, फळीही स्वतः आपटत. वाटायचं, आपणच लाडके! पण लगेच मला बाजूला सारून ते दिवसभर कॅमेऱ्याला डोळा लावून बसत.

मिठागरातल्या बायकांवरचा त्यांचा पहिला चित्रपट गाजला. त्यात प्रत्येक शॉटच्या आधी मी होतो, पण संकलनात मला साफ कापून टाकलं. कॅमेऱ्याचा फोटो मात्र मासिकात आला. माझ्या पोटात दुखू लागलं ते तेव्हापासून. एकदा तरी पडद्यावर दिसायचं, एवढीच माझी इच्छा होती.

पुढचे चित्रपट पडले. तोगाशींनी साबणाच्या जाहिराती करून दिवस काढले. त्या हलाखीतही कॅमेरा पुसायला मऊ फडकं आणि मला त्यांच्या सदऱ्याची बाही!

म्हातारपणी ते शेवटचा चित्रपट करायला दुबईला आले. तिथल्या मुहैस्नाह भागातल्या बांधकाम कामगारांची गोष्ट होती. सगळी व्यवस्था पुण्याचा संजय पाहत असे. काम संपल्यावर कॅमेरा टोकियोच्या एका संग्रहालयात काचेच्या पेटीत गेला. मला त्यांनी संजयला दिलं आणि मी दुबईतल्याच अल मनखूल भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये आलो. पुढच्या वर्षी तोगाशी गेले. त्यांच्या हातचा शेवटचा नंबर माझ्यावर होता. कॅमेऱ्याकडे तो नव्हता, म्हणून मी जरा ताठ असे.

मग खंडेनवमी आली. कामाच्या वस्तूंची पूजा करायची म्हणून संजयची बायको हेमा हिने लॅपटॉप आणि गाडीची किल्ली मांडली. मलाही ओल्या फडक्याने लख्ख पुसून हळदकुंकू लावलं.

"अगं, ते सरांचं अक्षर होतं," संजय मला उचलून घेत म्हणाला.

"पूजेला मळकं कसं ठेवणार? मला तू कधी सांगितलंस?" हेमाचे डोळे भरून आले.

मी पुरता कंगाल झालो होतो.

त्यांची मुलगी मिहिका खडू घेऊन आली. "बाबा, डोन्ट बी सॅड. आय विल राइट." तिने माझ्यावर वाकडातिकडा एक आकडा काढला आणि फोनचा कॅमेरा सुरू करून आधी माझ्यावर, मग बाबांवर रोखला. "आता सरांबद्दल सांगा. यल्ला, चला लवकर!"

संजय बराच वेळ बोलत राहिला. संध्याकाळी तिने ते टीव्हीवर लावलं.

"बेटा, सुरुवातीचा क्लॅप कट करायचा राहिला," संजय म्हणाला.

"नो बाबा. इट स्टेज."

आणि टीव्हीभर मी होतो, हळदकुंकवासकट.

मित्रांनो, काम झालं की बाजूला सारलेली माणसं आणि वस्तू तुमच्याही घरात असतील. त्यांना एकदा तरी चौकटीत घ्या. आणि टोकियोला कधी गेलात, तर काचेतल्या त्या कॅमेऱ्याला जरूर विचारा, तू तुझ्या कुठल्या सिनेमात दिसलास रे?