रद्द न होणारं तिकीट

ट्रॉलीतला कांदा नुसता वरून बघून जो बोली लावतो तो व्यापारी नव्हे, गिऱ्हाईक. वर टपोरा, एकसारखा माल पसरलेला असतो आणि खाली गोल्टी, म्हणजे लिंबाएवढा बारीक कांदा. मी विंचूरच्या बाजारात उभी हयात काढली, पण ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय कधी तोंड उघडलं नाही. दुसरा नियम त्याहून मोठा. जो माल मनात भरला त्याच्याकडे बघायचं नाही. शेजारच्या ट्रॉलीकडे बघायचं, जांभई द्यायची, चहावाल्याला हाक मारायची. याला आपलाच कांदा हवाय हे शेतकऱ्याला एकदा कळलं, की भाव चढलाच म्हणून समजा.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे इटली.

माझी बायको ज्योत्स्ना नाशकातल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. इटली बुटासारखी दिसते, हे सांगताना ती फळ्याकडे न बघता खडूने बुटाचं चित्र काढायची म्हणे. त्या बुटाच्या नडगीवर व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी आहे आणि त्याच्या तोंडापर्यंत चढून जाता येतं. मुलांना ती हे असं सांगायची, जणू सुट्टीत जाऊन बघून आली आहे. निवृत्त झाली त्या संध्याकाळी निरोपाची शाल खुर्चीवर टाकून ती म्हणाली, "अहो, मला तो डोंगर बघायचाय. गुडघा चालतोय तोवर." उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. आधी डोंगर, मग ऑपरेशन, असं तिने परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"बघू," मी म्हणालो. मनात म्हणालो, जायचंच. पण मनातलं तोंडावर आणायची सवय मला नाही.

सहल कंपनीवाल्यांचा आणि माझा पहिल्याच फोनला खटका उडाला. 'सगळं समाविष्ट' म्हणणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहतो. मग माझ्या बहिणीचा मुलगा ललित याला बोलावलं. तो कॉम्प्युटरवर काम करतो आणि स्वस्त विमानं शोधण्यात पटाईत आहे, असं तो स्वतःच सांगतो. नाशकात, इंदिरानगरच्या आमच्या घरी तो लॅपटॉप घेऊन बसला. मुंबईहून थेट जाणारं विमान महाग होतं. आखातात उतरून अर्धा दिवस बसायचं आणि पुढचं पकडायचं, ते बरंच स्वस्त होतं.

"लांबून जाणारी गाडी स्वस्त कशी?" मी विचारलं. "इंधन जास्त जळतं का नाय?"

"मामा, बसून राहायला कुणाला आवडत नाही. मागणी कमी, म्हणून स्वस्त."

"का कमी हाय? काय खोट हाय तिच्यात?"

ललितने ज्योत्स्नाकडे बघितलं. ज्योत्स्नाने छताकडे बघितलं.

पुढे कळलं की बॅगेचे वेगळे पैसे, जेवणाचे वेगळे, शेजारी-शेजारी बसायचं तर त्याचेही वेगळे. झाली का गोल्टी सुरू! आणि सगळ्यात स्वस्त तिकीट असं, की ते रद्द केलं तर दमडी परत मिळत नाही. ते तर मी ऐकूनच घेतलं नाही. ज्या सौद्यातून मागे फिरता येत नाही तो सौदा नव्हे, सापळा.

"आणि व्हिसा नाय मिळाला तर? गुडघा बसला तर? मीच मेलो तर?"

"तुम्ही मेलात तर मी एकटी जाईन," ज्योत्स्ना म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. मी जरा कमी हसलो.

दुसऱ्या दिवशी तिकिटं चढली. आम्ही आदल्या संध्याकाळी बोलतो काय आणि सकाळी भाव वाढतो काय! ललित म्हणाला, सीट भरतात तसा भाव बदलतो. मी विंचूरचा आहे, मला कोणी शिकवू नये. आमचा फोन आमचं बोलणं ऐकत होता. त्या दिवसापासून घरात नियम झाला: प्रवासाचा विषय काढायचा तर आधी फोन डाळीच्या डब्यात ठेवून झाकण लावायचं. इटलीचं नाव घ्यायचं नाही, आपल्या जिल्ह्यातलंच सटाणा म्हणायचं. ललितला सांगितलं, एकदा इटली बघितली की दोनदा जर्मनी बघ, एकदा स्पेन बघ. आपल्याला कोणता माल हवाय ते त्यांना कळता कामा नये.

"मामा, सीट म्हणजे कांदा नाय," तो वैतागून म्हणाला, "कांदाचाळीत भरून ठेवायला आणि भावाची वाट बघायला."

"भाव पडतो रे. थांबणाऱ्यालाच सापडतो."

खरी अडचण ज्योत्स्नाची होती. तिच्या पोटात काही राहत नाही. आमच्याच इमारतीत तिच्या शाळेतल्या तृप्तीबाई राहतात. त्यांच्यासमोर जिन्यात उभी राहून ही हवेत बोटाने बूट काढून दाखवत होती आणि दोघींचे फोन हातात! मी तिला घरात घेऊन दार लावलं. म्हटलं, "तुझं तोंड म्हणजे बाजार समितीचा भावफलक झालाय. जरा गप राहायला शीक. आवडलं तरी न आवडल्यासारखं दिसलं पाहिजे."

ती शिकली. शिक्षिकाच ती, पटकन शिकली. सटाण्याचं नाव घेईना, बूट काढीना.

एका संध्याकाळी ललित बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर होता. ज्योत्स्नाने स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने दोन्ही फोन डब्यात टाकले, झाकण दाबलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. "खरं सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला यायचंय का?"

मी सांगणारच होतो. तेवढ्यात माझं लक्ष दारातून बाहेर गेलं. ललितचा फोन टेबलावर उघडा पडला होता.

"मला काय त्याचं," मी म्हणालो आणि जांभई दिली. "सटाणा काय न् विंचूर काय, सारखंच."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पोळपाट घेऊन पोळ्या लाटायला लागली. माझ्या तोंडावरून कुणालाच काही कळू शकत नाही, याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगू.

त्यानंतर मात्र घरात कुठेतरी पाणी मुरायला लागलं. मी खोलीत आलो की ज्योत्स्ना फोन पालथा ठेवायची. गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलायची आणि मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही, तृप्ती." पहाटे उठून तृप्तीबाईंबरोबर फिरायला जायला लागली. जी बाई गुडघ्यापायी गच्चीवर वाळवणं घालायला जात नाही, ती अचानक फिरायला? आल्यावर पायाला गरम पाण्याची पिशवी लावायची पण कण्हायची नाही. उलट गुणगुणायची. त्याचा मला जास्त संशय आला.

एकदा ती आंघोळीला गेल्यावर मी तिच्या कपाटात हात घातला. वर साड्या, नीट घड्या. मी वरवर बघून थांबणारा माणूस नाही. अगदी तळाशी, जुन्या पैठणीच्या मागे, बुटांची जोडी निघाली. साधी नाही, डोंगर चढायची, जाड तळाची. तळाला माती लागलेली. मग लॉकर उघडलं. आमचे दोन्ही पासपोर्ट मी एका रबरात बांधून ठेवले होते. रबर तसंच होतं. त्यात माझा एकट्याचाच पासपोर्ट होता.

कुणीतरी हिला गाठलं होतं. हल्ली काय काय चालतं ते रोज वाचतो आपण: फोन येतो, गोड बोलतात, कागद मागून घेतात. ललितला फोन केला. तो आधी खोकला, मग म्हणाला, "मामा, मला मधे घेऊ नका. मामीला विचारा ना."

म्हणजे हाही सामील! आणि मामीला कसं विचारणार? विचारलं की मला माहीत नाही हे तिला कळणार. जन्मभर मी कुणाला ते कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्ना आणि तृप्तीबाई रिक्षात बसल्या आणि मी स्कूटर काढून मागे निघालो. रिक्षा पांडवलेणीच्या पायथ्याशी थांबली. दोघी उतरल्या आणि पायऱ्या चढू लागल्या. मी एका नारळपाण्याच्या गाडीमागे उभा राहिलो. वर त्यांना कोण भेटणार, हाच एक विचार डोक्यात. वरून कुणी माणूस खाली आला की मी त्याला न्याहाळायचो. एका निरुपद्रवी म्हाताऱ्याचा तर मी चेहरासुद्धा पाठ करून ठेवला.

बऱ्याच वेळाने त्या उतरताना दिसल्या. बरोबर कुणीच नव्हतं. ज्योत्स्नाच्या गुडघ्याला पट्टा होता, पायात ते बूट. कठडा धरून ती आडवी होऊन एकेक पायरी उतरत होती. मधेच थांबली, तृप्तीबाईंकडे वळली आणि हवेत बोटाने बूट काढला. दोघी मोठ्याने हसल्या. ते हसणं मी कित्येक दिवसांत घरात ऐकलं नव्हतं.

"अगंबाई, भावजी!" तृप्तीबाईंनी मला गाडीमागून हुडकलं.

ज्योत्स्ना दचकली नाही. "पाळत ठेवताय?"

"पासपोर्ट कुठं हाय तुझा?"

"व्हिसाला दिलाय. सप्टेंबरात जातोय आम्ही, मी आणि तृप्ती. माझ्या पेन्शनीतून. ललितने तिकिटं काढून दिली, सगळ्यात स्वस्तातली. त्या डोंगराची सवय व्हावी म्हणून इथे चढतोय."

"मला न सांगता?"

"तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मला काय त्याचं."

"अगं, ते फोनमुळं! ललितचा फोन टेबलावर उघडा होता!"

तृप्तीबाई तोंडाला पदर लावून दुसरीकडे वळल्या. ज्योत्स्ना मात्र हसली नाही. "मला तुमचं तोंड वाचता येतं असं मला वाटायचं," ती म्हणाली. "त्या दिवशी नीट वाचून बघितलं. तिथे काहीच नव्हतं." आणि ती रिक्षाकडे चालायला लागली.

बाजारात भाव पटला नाही की शेतकरी काही बोलत नाही, ट्रॅक्टर चालू करतो आणि ट्रॉली घेऊन निघतो. ज्याला माल खरोखर हवा असतो तो व्यापारी मग मागे पळतो, सगळ्यांदेखत हात वर करतो. मी कधी पळालो नाही. गेली तर गेली, मागून दुसरी येतेच. आता मागून कोण येणार होतं?

मी पळालो. पळता पळताच ललितला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"ललित, तिकीट काढ माझं. मामीच्याच विमानात."

"सटाण्याचं, मामा?"

"इटलीचं! इटली रे, इटली!" नारळवाला कोयता हातात धरून बघतच राहिला.

"मामा, भाव लय चढलाय. म्हणाल तर दोन दिवस थांबून बघू..."

"थांबू नको!"

ज्योत्स्ना रिक्षाच्या दांड्याला धरून थांबली. डोळे बारीक करून तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "यात काय आहे?" तिने विचारलं.

"कशात?"

"यात. आता तिकीट काढाल, मग व्हिसा अडला म्हणाल, मग आपण दोघं पुढच्या वर्षी जाऊ म्हणून माझंही बुडवाल. काय डाव आहे?"

मी हबकलो. ती नजर माझी होती. मी जन्मभर ट्रॉल्यांकडे जसं बघत आलो, तशी ती माझ्याकडे बघत होती, आणि खाली गोल्टीच असणार याची तिला खात्री होती.

"डाव नाय," मी म्हणालो. "मला यायचंय. तू शाल टाकून बोललीस ना, त्याच दिवसापासून यायचंय. तू वर जाऊन त्या डोंगराच्या तोंडात बघशील तेव्हा मला तुझ्याशेजारी उभं राहायचंय."

"तोंडाने सगळेच बोलतात," ती म्हणाली. पण रिक्षात बसली नाही.

फोनमधून ललित बोलला, "मामा, दोन प्रकार आहेत. एक महाग, रद्द केलं तर पैसे परत. दुसरं जरा कमी, पण रद्द होत नाही, गेले ते गेले. सीट मधली आहे, मामीपासून बरीच लांब. कोणतं काढू?"

व्हिसा, गुडघा, मरण, तिन्ही एकदम माझ्या जिभेवर आले. मी ते गिळले.

"रद्द न होणारं काढ, ललित," ज्योत्स्ना म्हणाली. फोनकडे न बघता, माझ्याकडे बघत.

"मामा? नक्की ना? बटण दाबलं की संपलं बघा."

ज्योत्स्ना माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती. मी जांभई दिली नाही, शेजारच्या गाडीकडे बघितलं नाही, चेहरा होता तसाच राहू दिला. तो कसा दिसत होता देव जाणे.

"दाब," मी म्हणालो.