उपकरण नेण्याचा पास

हे लिहिणारच नव्हतो. लोक म्हणतील, फेकतोय. म्हणू देत.

आमच्या लॅबमध्ये उंदरांना आधी संधिवात देतात, मग औषध. म्हणजे शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं ना, त्याला आवरणारं औषध. अर्ध्यांना खरं, अर्ध्यांना नुसतं पाणी. पंजे किती सुजले ते मी मोजतो. पिंजरे माझा दोस्त बघतो. दिवसभर उंदरांत, म्हणून बोका.

यंदा पाणीवालेही बरे व्हायला लागले. औषधाचा पोपट झाला. लॅबच्या मुख्य मॅडमनी बोक्याला विचारलं, तू काय करतोस?

"जो जास्त लंगडतो त्याला जरा जास्त वेळ हातात घेतो."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी बोक्याच्या हातांची उपकरणांत नोंद केली. दोन्ही मनगटांवर स्टिकर. सगळ्या उंदरांना सारखंच कुरवाळायचं.

संध्याकाळी गेटवर वॉचमनकाकांनी बोक्याला अडवलं. "उपकरण बाहेर न्यायला पास लागतो."

"काका, मी घरी चाललोय."

"तू जा की. हात ठेवून जा."

तेव्हापासून बोका खाद्याच्या खोलीत झोपतो. त्यात वहिनी, म्हणजे बोक्याची बायको, बाळंत झाली. मुलगी. बोका मॅडमकडे गेला तर म्हणाल्या, "बाळ घेतलंस तर हातांची सवय बदलेल. उंदरांना लगेच कळतं. प्रयोग संपू दे."

प्रयोग संपेना. हात औषधापेक्षा सरस निघाले, म्हणून आणखी उंदीर मागवले.

"तू सूज वाढवून लिही ना," बोका मला म्हणाला. "हात बाद होतील."

"खोटे आकडे नाही लिहिणार."

"मोठा आला हरिश्चंद्र. दुनियेचे उंदीर हातात घेतो मी, अन् स्वतःची पोरगी फोनवर बघतो."

मला जेवण जाईना. मग नियम वाचत बसलो. उपकरण दुरुस्तीला बाहेर जाऊ शकतं. लगेच पास भरला: उजवा हात एक, डावा हात एक.

काकांनी दोन्ही स्टिकर ताडून पाहिले. मग बाकीच्या बोक्याकडे बोट केलं. "आणि हे?"

"पॅकिंग," मी म्हणालो.

सोडलं.

रस्त्यावर बोका हात खिशात घालून भराभरा चालत होता. वाटेत म्हणाला, "परत कधी न्यायचे?"

"दुरुस्त झाले की."

"ते कोण ठरवणार?"

"मलाच पाठवतील बघायला. पण शब्द देतो, पोरगी तुझ्या हातात दिसली तर दारातूनच मागे फिरेन."